पोलिसांच्या गाडीने धडक दिली तर दाद कुठे मागायची?

‘पोलिसांच्या गाडीला वाहतुकीचे नियम लागू नसतात, आणि तिने धडक दिली तर भरपाई मागता येत नाही,’ हा समज अनेक वर्षे पसरलेला आहे आणि तो चुकीचा आहे.

सायरन व दिवा लावून खऱ्याखुऱ्या तातडीच्या कामावर निघालेल्या गाडीला लाल सिग्नल किंवा वेगमर्यादा ओलांडण्याची मुभा मिळते खरी, मात्र चालकाने पुरेशी काळजी घेतली असेल तरच. चहा प्यायला निघालेल्या गाडीला ही मुभा नाही. उलट, २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात आलेल्या कलम २१०-ब नुसार नियमांची अंमलबजावणी करणाऱ्यांनीच गुन्हा केला, तर त्यांना त्या गुन्ह्याच्या दुप्पट दंड होतो. ही तरतूद दुर्दैवाने फार थोड्यांना ठाऊक आहे.

भरपाईबाबतचा गैरसमज अधिक जुना आहे. सरकारी गाड्यांना विम्याच्या सक्तीतून सूट मिळू शकते, यावरून दावाच करता येत नाही असा निष्कर्ष काढला जातो. प्रत्यक्षात दावा कलम १६६ खाली मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे करता येतो आणि विमा नसल्यास रक्कम सरकारी तिजोरीतून द्यावी लागते. दुरुस्तीनंतर परत आणल्या जाणाऱ्या जिल्हाधिकाऱ्यांच्या जीपने पादचाऱ्याला ठार केल्याच्या प्रकरणात चालकाच्या निष्काळजीपणाला राज्य सरकार जबाबदार असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्येच राजस्थान सरकारला बजावले होते. दाव्याची मुदत मात्र आता अपघातापासून सहा महिने आहे. चालकावरील फौजदारी कारवाई वेगळी चालते. निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्यास भारतीय न्याय संहितेचे कलम १०६ त्यालाही लागू होते.