छेक्कोरी

छेक्कोरी : पुस्तके, लेखनसाहित्य आणि संग्राह्य वस्तू यांची चित्रे असलेले कोरियातील घडीचे पडदे. जोसन राजवटीच्या (१३९२–१९१०) उत्तरार्धात, बहुधा अठराव्या शतकाच्या अखेरीस, ते प्रचारात आले. ‘छेक’ म्हणजे पुस्तक. ‘कोरी’चा अर्थ ‘सामग्री’ असा घेतात. विद्यार्थ्याने एखादा ग्रंथ पुरा केल्यावर होणाऱ्या छोट्या खाऊ-समारंभालाही हाच शब्द आहे, पण चित्रप्रकाराचे नाव त्यावरून पडले असे मानण्यास फारसा आधार नाही. कप्प्यांच्या मांडणीसह (फडताळासह) काढलेल्या चित्रांना काही अभ्यासक ‘छेक्कादो’ हे वेगळे नाव देतात.

उगमाबद्दल मतभेद आहेत. चीनमधील छिंग दरबारात दुर्मिळ वस्तू ठेवण्यासाठी कप्प्याकप्प्यांच्या मांडण्या असत आणि त्यांची चित्रेही काढली जात. अशा एका चित्राचे कर्तृत्व बीजिंगच्या दरबारातील इटालियन जेझुइट चित्रकार जुझेप्पे कास्तिल्योने (१६८८–१७६६) याला दिले जाते. काही अभ्यासक याहून मागे, पंधराव्या शतकातील इटलीच्या सरदारांच्या अभ्यासिकांपर्यंत जातात. तेथे लाकडी जडावकामातून उघड्या कपाटांचा आणि पुस्तकांचा हुबेहूब भास निर्माण केलेला असे. हा दुवा आकर्षक असला, तरी मधल्या कड्या अनुमानाच्या आहेत. बीजिंगला जाणाऱ्या कोरियन राजदूतमंडळांनी छिंग नमुने पाहिले आणि छायाभेद व एका बिंदूकडे मिळत जाणाऱ्या रेषा यांचे तंत्र त्यांच्यामार्फत आले, हे मत अधिक ग्राह्य वाटते. मात्र चिनी मांडणीत वस्तूंना मान होता, कोरियन दरबारी चित्रांत तो पुस्तकांना मिळाला. हा बदल कोरियाचा स्वतःचा आहे.

त्यामागे राजा जंगजो (कारकीर्द १७७६–१८००) होता. राज्यारोहणाच्या वर्षीच त्याने क्यूजांगगाक हे राजग्रंथालय स्थापले. १७९१ मध्ये त्याने सिंहासनामागे छेक्कोरीचा पडदा लावून घेतला. राजसत्तेचे चिन्ह असलेला सूर्य, चंद्र व पाच शिखरांचा पडदा ज्या जागी असायचा, ती ही जागा. ही पुस्तके खरी नसून चित्रातील आहेत, असे त्याने मंत्र्यांना सांगितले. वाचायला सवड नसली तरी अभ्यासिकेत जाऊन मेजावरून हात फिरवण्यातही आनंद असतो, हे चिनी तत्त्वज्ञ चंग याचे वचनही त्याने आठवले. चिनी कथा-कादंबऱ्यांच्या शैलीचा तरुण विद्वानांवरील प्रभाव त्याला खुपत असे. कन्फ्यूशियसप्रणीत अभिजात ग्रंथांकडे त्यांना वळवण्याचा त्याचा आग्रह या निवडीत दिसतो. आग्रह किती कडक होता, हे १७८८ च्या एका नोंदीवरून कळते : विषय निवडण्याची मुभा असताना छेक्कोरी काढली नाही, म्हणून सिन हान-प्यंग आणि यी जोंग-ह्यन या दरबारी चित्रकारांना हद्दपार करण्यात आले.

विख्यात चित्रकार किम होंग-दो याचा या प्रकारात हातखंडा होता, असे समकालीन लेखन सांगते. त्याची एकही निर्विवाद छेक्कोरी आज उपलब्ध नाही. जांग हान-जोंग (१७६८–१८१५) याचा आठ पटांचा पडदा मात्र टिकला आहे. त्यात बाजूला सारलेल्या पिवळ्या पडद्याआडून मांडणी दिसते.

दरबारी चित्रकार सहसा सही करीत नसत. छेक्कोरीत मात्र वस्तूंच्या गर्दीत एखादा मुद्रादगड आडवा पडलेला असतो आणि त्याच्या तळावर चित्रकाराचे नाव वाचता येते. याच खुणेवरून यी ह्यंग-रोक (जन्म १८०८) याचे काम ओळखता आले. हा हद्दपार झालेल्या यी जोंग-ह्यनचा नातू. त्याने १८६४ च्या सुमारास यी उंग-रोक आणि १८७१ च्या सुमारास यी तेक-ग्यून अशी नावे घेतली. ही तीन माणसे नसून एकच आहे, हे के ब्लॅक आणि एडवर्ड वॅग्नर या अभ्यासकांनी वंशावळींच्या आधारे दाखवले. त्यामुळे मुद्रेवरील नावावरून पडद्याचा अंदाजे काळ ठरवता येतो. हे साधन नसते, तेव्हा एकोणिसाव्या शतकापलीकडे नेमके काही सांगणे धाडसाचे ठरते.

चित्रांतील पुस्तके पोथ्यांसारखी आडवी, कापडी वेष्टनांत रचलेली असतात. कागद, कुंचला, शाई आणि शाई उगाळण्याचा दगड हे ‘अभ्यासिकेचे चार मित्र’ असतातच. त्यांच्या शेजारी चिनी मातीची भांडी, प्राचीन धर्तीची कांस्यपात्रे, पोवळ्याच्या फांद्या, मोरपिसे, क्वचित पाश्चात्त्य घड्याळही दिसते. साधेपणा आचरावा असे सांगणाऱ्या विद्वानाच्या खोलीत या चैनीच्या वस्तू कशा, हा प्रश्न अभ्यासकांना पडतो. पोवळे आणि मोरपीस यांत उच्च पदाची इच्छा आहे, हे उत्तर अंशतः पटते. परदेशी वस्तूंची हौस नाकारण्याचेही कारण नाही.

दरबाराबाहेरील लोकचित्रांत मांडणी नाहीशी होते आणि बुटक्या मेजांवर पुस्तकांचे ढीग चढतात. मेजाची मागची कड पुढच्या कडेपेक्षा रुंद काढलेली असते. मुलगे व्हावेत म्हणून बियांनी भरलेली डाळिंबे व कलिंगडे येतात, दीर्घायुष्यासाठी पीच. पुस्तकांवर एखादा चष्मा काढून ठेवलेला असतो. माणूस सहसा नसतो. या चित्रांवर बहुधा नाव वा साल नाही.