जबड्याचे स्नायू

खालचा जबडा हलवून अन्न चावण्याचे काम मुख्यतः स्नायूंच्या चार जोड्या करतात. त्यांना चर्वणस्नायू म्हणतात. गालाच्या हाडाच्या कमानीपासून जबड्याच्या कोनापर्यंत उतरणारा मॅसेटर, कानशिलावर पंख्यासारखा पसरलेला टेम्पोरॅलिस, जबड्याच्या आतील बाजूचा मध्य टेरिगॉइड आणि जबड्याच्या सांध्यालगतचा पार्श्व टेरिगॉइड असे हे चार स्नायू असून, त्या सर्वांना मेंदूतून निघणाऱ्या पाचव्या मस्तिष्क तंत्रिकेच्या अधोहनू (खालच्या जबड्याकडील) शाखेकडून चेतना मिळते. पहिले तीन तोंड मिटतात. पार्श्व टेरिगॉइड जबडा पुढे ओढून तोंड उघडण्यास हातभार लावतो.

दात घट्ट मिटले की गालावर बोटांना लागतो तो मॅसेटर. त्याचा वरचा व खोल असे दोनच थर बहुतेक पाठ्यपुस्तके सांगत आली. काही जुन्या ग्रंथांत तिसऱ्याचा उल्लेख होता, पण वर्णनांचा एकमेकांशी मेळ बसत नव्हता. स्वित्झर्लंडमधील बाझेल विद्यापीठाच्या संशोधकांनी देहदानातून मिळालेल्या डोक्यांचे विच्छेदन, सीटी स्कॅन, ऊतींचे रंगवलेले पातळ काप आणि एका जिवंत व्यक्तीचे एमआरआय चित्रण यांचा एकत्र अभ्यास करून २०२१ मध्ये हा तिसरा, सर्वांत खोल थर स्पष्टपणे दाखवला. तो जबड्याच्या कोरोनॉइड प्रवर्धाला, म्हणजे हाडाच्या वर आलेल्या पुढच्या टोकाला, चिकटलेला असल्याने त्याला ‘पार्स कोरोनिडिआ’ असे नाव सुचवण्यात आले. तंतूंच्या दिशेवरून पाहता, जबडा मागे ओढण्याचे व स्थिर ठेवण्याचे काम तो करत असावा. बोटाखाली सहज सापडणाऱ्या स्नायूचा एक थर इतका काळ वादात राहावा, हे विच्छेदनाची पद्धत निष्कर्षावर किती परिणाम करते याचे बोलके उदाहरण आहे.

चित्रणासाठी सोनोग्राफी स्वस्त व किरणोत्सर्गविरहित असून, स्नायू सैल असताना आणि दात आवळल्यावर त्याची जाडी किती बदलते हे तिच्यावर तत्काळ मोजता येते. खोलवरचे टेरिगॉइड आणि सांध्यातील चकती पाहण्यासाठी मात्र एमआरआय लागते. तरीही दुखणारा स्नायू चित्रात पुष्कळदा निरोगीच दिसतो, म्हणून स्नायुवेदनेचे निदान आजही प्रामुख्याने रुग्णाची हकिकत आणि हाताने केलेली तपासणी यांवर होते. झोपेत दात खाण्याच्या सवयीशी अनेकदा जोडली जाणारी मॅसेटरची वाढ गालफडाच्या सुजेसारखी दिसते व लाळग्रंथीचा आजार असल्याचा भास होतो. तेथे चित्रण खरोखर उपयोगी पडते.

धनुर्वातात प्रथम याच स्नायूंना पेटके येतात आणि दातखीळ बसते. अक्कलदाढेभोवतीच्या संसर्गामुळेही तोंड उघडेनासे होते. सर्वसाधारणपणे प्रौढ माणसाच्या समोरच्या दातांमध्ये स्वतःची तीन बोटे उभी मावतात. ३५ मिलिमीटरपेक्षा कमी अंतर बहुधा विकाराचे लक्षण मानतात.

भारतात या तक्रारीमागे सुपारी व गुटखा हे मोठे कारण आहे. त्यांतून होणाऱ्या मुखातील अधःश्लेष्मल तंतुमयतेचे वर्णन मुंबईचे एस. जी. जोशी यांनी १९५३ मध्ये केले. पुढे कर्करोगात बदलू शकणाऱ्या या विकारात गालाच्या अस्तराखाली तंतूंचे कठीण पट्टे तयार होतात आणि पुढच्या अवस्थांत स्नायूही तंतुमय होतात. महाराष्ट्राने २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली. साधी सुपारी त्यातून सुटली. पट्टे शस्त्रक्रियेने कापले, तरी त्यानंतर तोंड उघडण्याचे व्यायाम महिनोन्‌महिने केले नाहीत, तर जबडा पुन्हा आखडतो.