रस्ता लांबचा, वेळ कमी

ऑक्टोबर २०१६ मध्ये एअर इंडियाने आपल्या दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमानाचा मार्ग बदलला. तोवर ते पश्चिमेकडे, अटलांटिकवरून जायचं. आता ते पूर्वेकडे निघालं आणि पॅसिफिक ओलांडून पोहोचलं. अंतर सुमारे १,४०० किलोमीटरने वाढून १५,३०० किलोमीटर झालं. वेळ मात्र साडेचौदा तासांवर आला, म्हणजे आधीपेक्षा जवळपास दोन तास कमी!

हे कसं, ते समजून घ्यायला घरातला पृथ्वीगोल खाली काढा. मुंबईवर दोऱ्याचं एक टोक धरा, दुसरं न्यूयॉर्कवर, आणि दोरा घट्ट ताणा. तो रशियावरून, स्वीडनवरून, आइसलंडवरून अमेरिकेत उतरतो. सपाट नकाशावर हाच मार्ग उत्तरेला उगाच वळसा घातल्यासारखा दिसतो, पण गोलावर तोच सगळ्यात जवळचा. लांबी साधारण १२,५०० किलोमीटर. ताशी ९०० किलोमीटरने भागलं की चौदा तास येतात. पण जाताना पंधरा-सोळा तास लागतात, आणि येताना त्याहून कमी.

पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते म्हणून असं होतं, असं पुष्कळांना वाटतं. पण पृथ्वीबरोबर तिची हवाही फिरते. विमान त्या हवेत पोहत असतं, नदीत होडी चालावी तसं. ताशी ९०० हा वेग हवेच्या तुलनेतला. जमिनीवरून किती अंतर कापलं, ते हवा कुठे वाहतेय त्यावर ठरतं.

आणि दहा-अकरा किलोमीटर उंचीवर ती जोरात वाहते. विषुववृत्ताकडची हवा तापलेली, ध्रुवाकडची गार. या फरकामुळे उंचावर हवा ध्रुवाकडे ओढली जाते आणि पृथ्वीच्या फिरण्यामुळे पूर्वेकडे वळते. हाच जेट प्रवाह. हिवाळ्यात तो ताशी दोनशे-तीनशे किलोमीटरही गाठतो. जपानी हवामानशास्त्रज्ञ वासाबुरो ओइशी यांनी १९२० च्या दशकात फुगे सोडून हे वारे मोजले आणि जगभर वाचलं जावं म्हणून निष्कर्ष एस्पेरांतो या जगभरच्या लोकांसाठी मुद्दाम घडवलेल्या भाषेत छापले. त्या भाषेचे वाचक मोजकेच. इतका मोठा शोध बराच काळ दुर्लक्षित राहिला, याची मला आजही हळहळ वाटते.

फेब्रुवारी २०२० मध्ये ब्रिटिश एअरवेजचं एक विमान याच वाऱ्यावर स्वार होऊन न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोहोचलं. जमिनीच्या हिशेबाने त्याचा वेग ताशी १,३०० किलोमीटरच्या पुढे गेला होता, तरी हवेच्या हिशेबाने ते ध्वनीपेक्षा हळूच चाललं होतं.

जाताना गमावलेला वेळ येताना भरून निघत असेल, असं वाटेल. करून बघा. वारा ताशी १०० चा धरला तर १२,५०० किलोमीटरला वाऱ्याविरुद्ध १५ तास ३७ मिनिटं, वाऱ्याबरोबर साडेबारा तास. एकूण २८ तास ७ मिनिटं. वाराच नसता तर २७ तास ४७ मिनिटं. वीस मिनिटं गेलीच, कारण उलट्या वाऱ्यात आपण जास्त वेळ अडकतो.

म्हणूनच तो पॅसिफिकचा मार्ग मला इतका आवडतो. दिल्लीहून पूर्वेकडे अमेरिका, आणि परतताना अटलांटिकवरून पुन्हा पूर्वेकडेच दिल्ली. एका फेरीत पृथ्वीला पूर्ण प्रदक्षिणा, आणि दोन्ही वेळा वारा पाठीशी.