डेलची नावं कुठून आली, आणि जुना ऑप्टिप्लेक्स घेताना ती का बघायची

सातपूरच्या वर्कशॉपात टॅलीसाठी डेल कंपनीचा सेकंडहँड ऑप्टिप्लेक्स कॉम्प्युटर असतो, शेजारच्या टूलरूममध्ये डिझाइनसाठी प्रिसिजन आणि मालकाच्या घरी मुलांसाठी इन्स्पिरॉन. तिन्हींवर शिक्का डेलचाच, पण दुरुस्तीला आल्यावर तिन्हींचा खाक्या वेगळा.

मायकेल डेल यांनी १९८४ साली टेक्सासमधल्या ऑस्टिनला, विद्यापीठात शिकत असतानाच धंदा सुरू केला. मधला दुकानदार वगळून थेट ऑर्डरवर मशीन द्यायचं, ही पद्धत. कोणतं गिऱ्हाईक काय मागतं हे त्यामुळे कंपनीला आपसूक कळायचं. १९९३ साली कार्यालयांसाठी ऑप्टिप्लेक्स आला, १९९४ साली लॅटिट्यूड लॅपटॉप, १९९७ साली प्रिसिजन वर्कस्टेशन, म्हणजे जड कामाचा कॉम्प्युटर. घरगुती गिऱ्हाइकासाठी इन्स्पिरॉन. २००७ च्या व्होस्ट्रोचा रोख छोट्या धंदेवाल्यांवर होता, ज्यांच्याकडे पगारी आयटीवाला नसतो.

मोठ्या कार्यालयाला वेगापेक्षा सारखेपणा लागतो. दोनशे मशीन घेतली की एकावर विंडोज, ड्रायव्हर (सुटे भाग चालवणारे प्रोग्रॅम), सॉफ्टवेअर बसवून त्याची इमेज, म्हणजे हुबेहूब प्रत, बाकीच्यांवर उतरवतात. मध्येच नेटवर्क चिप बदलली तर इमेज अडते. म्हणून कार्यालयीन मॉडेलांत सुटे भाग बराच काळ तेच ठेवतात. जास्तीची किंमत बरीचशी याची आणि जागेवर येऊन मिळणाऱ्या सर्व्हिसची. घरगुती मालिकेत भाग भावाप्रमाणे बदलत राहतात. प्रिसिजनच्या किमतीत कॅड, म्हणजे डिझाइनच्या, सॉफ्टवेअरसाठी प्रमाणित ग्राफिक्स ड्रायव्हरही येतात. नुसत्या टॅलीसाठी तो घेणं म्हणजे उधळपट्टीच.

कंपन्यांनी काढून टाकलेले ऑप्टिप्लेक्स स्वस्त पडतात, पण घेण्याआधी मागचा सात अक्षरी-अंकी सर्व्हिस टॅग डेलच्या साइटवर टाकून मूळ कॉन्फिगरेशन आणि वॉरंटी बघा. बायॉसला (मशीन सुरू होताना आधी चालणाऱ्या प्रोग्रॅमला) जुन्या कंपनीचा पासवर्ड नाही ना, हे सुरू करूनच तपासा. प्रोसेसर इंटेलचा असेल तर आठव्या पिढीच्या खालचा घेऊ नका: विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ला त्याखालचे बहुतेक प्रोसेसर अधिकृतपणे चालत नाहीत. सगळ्यात जास्त फसगत एसएमपीएसची, म्हणजे मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्याची. बऱ्याच ऑप्टिप्लेक्समध्ये बाजारातला नेहमीचा २४ पिनांचा कनेक्टर बसत नाही, त्याच मॉडेलचा शोधावा लागतो.

जानेवारी २०२५ मध्ये डेलने ही नावं मोडीत काढून नव्या मालाला डेल, डेल प्रो, डेल प्रो मॅक्स अशी नावं जाहीर केली. लॅटिट्यूड-ऑप्टिप्लेक्सच्या जागी प्रो, प्रिसिजनच्या जागी प्रो मॅक्स. सेकंडहँड बाजारात मात्र अजून जुन्याच नावाने विचारायचं.