बालवाडीचा दिनक्रम

बालवाडीचा दिनक्रम : तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी बालवाडीत किंवा अंगणवाडीत रोज तीन-चार तास चालणाऱ्या उपक्रमांची मांडणी. शाळेच्या वेळापत्रकाशी त्याची गल्लत होते. मात्र इथे विषयांचे तास नसतात. बसून करायच्या कामानंतर अंग हलवायचे काम, एकट्याच्या खेळानंतर सगळ्यांचा खेळ, बोलण्यानंतर ऐकणे असा तो क्रम असतो. या वयाचे मूल एका जागी फार वेळ टिकत नाही, हे धरूनच तो आखलेला असतो.

बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका यांनी 1920 साली भावनगरला बालमंदिर सुरू केले. तिथे त्यांच्यासोबत काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी 1945 मध्ये बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र उभे केले आणि अनुताई वाघ तिथे त्यांना येऊन मिळाल्या. पुढे हे काम डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर, वारली मुलांमध्ये वाढले. माँटेसरी पद्धतीची लाकडी साधने महाग होती, खेड्याला न परवडणारी. त्यांची जागा शिंपले, चिंचोके, गुंजा, खडे, पाने आणि काड्यांनी घेतली. मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या पाड्यावर, अंगणात नेली गेली. आजच्या दिनक्रमातला बराचसा भाग या प्रयोगांतून आला आहे, आणि तो शहरी नर्सरीच्या नकलेपेक्षा कितीतरी शहाणा आहे.

दिवसाची सुरुवात स्वच्छतेने होते. हातपाय-तोंड धुणे, नखे पाहणे, केस विंचरणे. बोर्डी-कोसबाडच्या कामात याला औपचारिक शिक्षणाइतकेच महत्त्व होते. स्वतःचे बटण लावणे, चपला जोडीने ठेवणे, सांडलेले पाणी पुसणे ही जीवनव्यवहाराची कामेही याच वेळी होतात. मग सगळे गोल करून बसतात. प्रार्थना, हजेरी आणि गप्पा. गप्पांचा हा भाग घाईने उरकला जातो, हे वाईट. ‘आमची शेळी व्याली’ एवढे सांगायला उठलेले मूल त्या दिवसातले सर्वांत लांब वाक्य तिथेच बोलत असते. घरी वारली, कोरकू, अहिराणी किंवा मालवणी बोलणाऱ्या मुलाला त्याच्या बोलीत बोलू दिले, तरच ते तोंड उघडते.

त्यानंतर मुक्त खेळ. खोलीत कोपरे मांडलेले असतात : ठोकळे, बाहुलीघर, चित्रांची पुस्तके, रंगकाम. कुठे जायचे ते मूल ठरवते आणि ताई बघत राहते. हे बघणे हे कसबाचे काम आहे. मणी ओवणे, बिया निवडणे, एका भांड्यातून दुसऱ्यात पाणी ओतणे, माती मळणे, भेंडीचे ठसे उठवणे, कागद फाडून चिकटवणे या सगळ्यांत बोटांची पकड आणि डोळ्या-हाताचा मेळ घडतो. पेन्सिल धरण्याची खरी तयारी तीच. मोठ्या-लहान खड्यांची रांग लावणारे मूल क्रम शिकते. चिंचोके वाटताना ‘तुला एक, मला एक’ म्हणणारे मूल आकड्यांच्या आधी संख्या शिकते.

मधल्या वेळी खाऊ. अंगणवाडीत गरम ताजा आहार असतो आणि 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्यात या वयोगटासाठी दिवसाला 500 उष्मांक व 12 ते 15 ग्रॅम प्रथिने हे प्रमाण ठरले होते. खिचडी, उसळ, लापशी हे नेहमीचे पदार्थ. रांगेत हात धुणे आणि आपले ताट आपण उचलणे हा त्यातलाच शिक्षणाचा भाग.

बडबडगीते, अभिनयगीते आणि मैदानी खेळ उत्तरार्धात येतात. शेवटी गोष्ट. ती पुस्तकातून वाचण्यापेक्षा तोंडाने, हावभावांसह सांगितलेली मुलांना जास्त धरून ठेवते. तीच गोष्ट आठवडाभर सांगितली तरी मुलांची तक्रार नसते. उलट एखादा शब्द बदलला, तर ती ताईला अडवतात.

पालकांची तक्रार मात्र ठरलेली : ‘नुसती खेळतात, लिहायला काही नाही.’ या दबावाखाली अनेक खासगी नर्सरींत साडेतीन वर्षांच्या मुलांना वहीभर मुळाक्षरे गिरवायला लावतात. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षांचा काळ एकच पायाभूत टप्पा मानला आहे. 2024 मध्ये केंद्राने अंगणवाड्यांतील तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी ‘आधारशिला’ हा खेळावर बेतलेला अभ्यासक्रमही दिला. अडचण कागदापलीकडची आहे. अंगणवाड्या ज्या योजनेखाली चालतात ती एकात्मिक बालविकास सेवा योजना 2 ऑक्टोबर 1975 रोजी सुरू झाली, तेव्हापासून पोषण, वजन, लसीकरण आणि शिक्षण ही कामे अंगणवाडी सेविका मदतनिसाच्या साथीने सांभाळते. आता त्यात पोषण ट्रॅकर या सरकारी मोबाइल अ‍ॅपमधल्या नोंदी आल्या. तीन वर्षांचे आणि सहा वर्षांचे मूल एकाच खोलीत असते, म्हणून अनुभवी सेविका मोठ्यांना कोपरे सोपवते आणि लहानांना जवळ घेऊन गाणी म्हणते. माहिती भरायची वेळ आली की बहुधा मुक्त खेळच लांबतो.