गाडीखालचे रबर: सस्पेन्शनचा बुश का मरतो आणि नवा बसवताना बोल्ट कधी आवळायचा

नागपूरच्या रस्त्यांवर दहा-बारा वर्षे चाललेली गाडी उचलून मिस्त्रीने खालच्या आर्मला, म्हणजे चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणाऱ्या दांड्याला, टॉमी (लोखंडी पहार) घालून हलवले, की पुष्कळदा एकच निदान ऐकू येते: "भाऊ, आर्मचे बुश गेले जी." चालकाची तक्रार मात्र दर वेळी वेगळी असते. कोणाला खड्ड्यातून जाताना खालून ‘खट्’ असा आवाज येतो, कोणाची गाडी ब्रेक दाबताच एका बाजूला ओढते, तर कोणाच्या टायरची आतली कड बाहेरच्या कडेच्या कितीतरी आधी गुळगुळीत होते. या तिन्ही तक्रारींच्या मुळाशी मुठीत मावेल एवढा रबराचा एक तुकडा, म्हणजे हा बुश, असू शकतो. तो घरी बदलणे अशक्य नाही. पण ते काम टिकाऊ व्हावे यासाठी हत्यारांइतकीच रबराच्या स्वभावाची ओळख लागते.

बुशची रचना साधी आहे. एकात एक बसवलेल्या पोलादाच्या दोन नळ्या आणि त्यांच्यामध्ये दोन्हींना रासायनिक रीतीने घट्ट चिकटवलेले रबर. बाहेरची नळी आर्मच्या भोकात दाबून बसवलेली असते, तर आतल्या नळीतून बोल्ट जातो आणि तो आवळला की ती नळी गाडीच्या सांगाड्याशी पक्की जखडली जाते. चाक वर-खाली होते तेव्हा आर्म फिरतो, पण दाराच्या बिजागरीत एक भाग दुसऱ्यावर घासत फिरतो तसे येथे काहीच घासत नाही. बाहेरची नळी आर्मबरोबर फिरते, आतली जागेवर राहते आणि मधले रबर पिळले जाते. म्हणूनच या सांध्याला ग्रीस लागत नाही आणि त्यात धूळही शिरत नाही. मात्र आर्मचा प्रत्येक हेलकावा रबराला आपल्या अंगावर सोसावा लागतो.

हे पिळणे किती असते, याचा हिशेब कागदावर करता येतो. आतल्या नळीचा बाहेरचा व्यास २४ मिलिमीटर आणि रबराचा बाहेरचा व्यास ४४ मिलिमीटर असा एक बुश धरू. म्हणजे रबराची जाडी १० मिलिमीटर झाली. आर्म ३० सेंटिमीटर लांब असेल आणि गाडी जॅकवर उचलल्यावर चाक १० सेंटिमीटर खाली लोंबकळत असेल, तर आर्म सुमारे २० अंशांनी फिरतो. या पिळाचा ताण रबराच्या जाडीत सारखा वाटला जात नाही; तो केंद्रापासूनच्या अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असतो. त्यामुळे आतल्या नळीलगतच्या रबराला बाहेरच्या थरापेक्षा जवळजवळ ३.४ पट ताण सोसावा लागतो आणि २० अंशांच्या पिळात तेथील विकृती, म्हणजे मूळ आकारापासून ढळण्याचे प्रमाण, १०० टक्क्यांच्या घरात जाते. जुना बुश हॅकसॉने आडवा कापून पाहिला, तर भेगा बहुधा आतल्या नळीभोवती गोलाकार पसरलेल्या दिसतात आणि बाहेरच्या नळीजवळचे रबर त्या मानाने शाबूत असते, ते यामुळेच.

बुशचे काम एवढ्यावर संपत नाही. रबराचा आकार सहज बदलतो, पण त्याचे आकारमान जवळजवळ बदलत नाही. दाबलेल्या रबराला बाजूला सरकायला जागा मिळाली नाही तर ते अतिशय कडक वागते. अभियंते या गुणाचा चतुराईने उपयोग करतात. पुष्कळ गाड्यांच्या खालच्या आर्मच्या मागच्या बुशमध्ये रबरात मुद्दाम चंद्रकोरीसारख्या पोकळ्या ठेवलेल्या असतात. ज्या दिशेला पोकळी असते त्या दिशेला बुश मऊ असतो आणि तिच्या काटकोनात कडक. शहरात ठिकठिकाणी झालेल्या सिमेंटच्या रस्त्यांवरील सांध्यांवरून चाक जाते, तेव्हा त्याला क्षणभर किंचित मागे सरकू देणे आणि तरीही वळणावर त्याला आडवे हलू न देणे, ही दोन परस्परविरोधी कामे एकाच तुकड्याकडून अशी करून घेतली जातात. पोकळ्या असलेला बुश चुकीच्या कोनात बसवला, तर नवा कोरा असूनही तो नको तेथे मऊ आणि नको तेथे कडक होतो.

रबराची ही लवचीकता पोलादी स्प्रिंगपेक्षा मुळातच वेगळी आहे. नैसर्गिक रबर म्हणजे आयसोप्रीनच्या लांबलचक साखळ्यांचा गुंता. ताणल्यावर साखळ्या सरळ होतात आणि सोडल्यावर पुन्हा अस्ताव्यस्त होतात, कारण अस्ताव्यस्त राहण्याचे प्रकार असंख्य असतात आणि सरळ राहण्याचे थोडे. जाड रबरबँड झटकन ताणून ओठाला लावला तर तो किंचित कोमट लागतो. ही गोष्ट जॉन गॉफ यांनी १८०५ मध्येच नोंदवून ठेवली होती. नुसता गुंता असता, तर तो भाराखाली हळूहळू ओघळला असता. चार्ल्स गुडइयर यांना १८३९ मध्ये गंधकासह रबर तापवण्याची युक्ती सापडली आणि साखळ्यांमध्ये गंधकाचे कायमचे पूल बांधता येऊ लागले. आजचा बुशही याच पुलांवर उभा आहे. त्यात काजळी मिसळलेली असते, जिच्यामुळे रबर मजबूत होते आणि साखळ्यांच्या आपसातील घर्षणातून कंपनांची ऊर्जा उष्णतेत रूपांतरित होण्यास मदत होते.

बुशचे शत्रू तीन, आणि नागपुरात त्यातला पहिला वरचढ आहे. मे २०१३ मध्ये येथे ४७.९ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले होते. अशा दिवसांत डांबरी रस्त्याचा पृष्ठभाग ६० अंशांच्या पुढे सहज जातो आणि गाडीचा तळ तापलेला रस्ता व तापलेले इंजिन यांच्या कचाट्यात सापडतो. हवेतील ऑक्सिजनशी होणाऱ्या अभिक्रियेचा वेग दर १० अंशांना साधारण दुप्पट होतो, असा रसायनशास्त्रातील ढोबळ नियम आहे. त्यानुसार ३० अंशांच्या तुलनेत ४५ अंशांवर रबर सुमारे पावणेतीनपट वेगाने म्हातारे होते. काही साखळ्या तुटतात, काहींमध्ये नको तेथे नव्या गाठी पडतात आणि रबराची लवचीकता जाते.

दुसरा शत्रू ओझोन. वाहनांच्या धुरातील नायट्रोजनची ऑक्साइड आणि हायड्रोकार्बन यांच्यावर कडक ऊन पडले की जमिनीलगत ओझोन तयार होतो. हा वायू रबराच्या साखळीतील दुहेरी बंधांवर नेमका घाव घालतो, पण त्याच्या भेगा ताणलेल्या रबरातच उघडतात आणि त्या ताणाच्या दिशेला काटकोनात असतात. रबरात मिसळलेली संरक्षक रसायने आणि मेण काही वर्षे पृष्ठभागावर येऊन आड उभी राहतात, पण तो साठाही संपतो. त्यामुळे अंगणात उघड्यावर उभी राहणारी, वर्षाला जेमतेम काही हजार किलोमीटर फिरणारी गाडीही बुशच्या बाबतीत तरुण नसते. ‘गाडी चाललीच कुठे’ हा जुनी गाडी विकणाऱ्याचा आवडता मुद्दा येथे फारसा टिकत नाही.

तिसरा शत्रू खनिज तेल. नैसर्गिक रबर ते शोषून फुगते आणि मऊ पडते. इंजिनाची ऑइलगळती आर्मवर ठिबकत असेल, तर बुश बदलण्याआधी ती थांबवावी. गाडी धुतल्यावर चकाकी यावी म्हणून खालून डिझेल किंवा जुने ऑइल फवारण्याची पद्धत काही ठिकाणी अजून आहे. तिला स्पष्ट नकार द्यावा.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉक अॅब्सॉर्बर यांचा एकत्र उभा खांब) असलेल्या गाडीत, म्हणजे आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांत, स्प्रिंग स्ट्रटमध्येच अडकलेली राहते आणि म्हणून खालचा आर्म काढणे तुलनेने निर्धोक असते. ज्या गाडीत स्प्रिंग थेट आर्मवर टेकलेली असते, तिच्या वाटेला घरी जाऊ नये. दबलेली स्प्रिंग अचानक सुटली तर जीवावर बेतते. गाडी सपाट, टणक जमिनीवर उभी करावी, मागच्या चाकांना ठोकळे लावावेत, चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल करावेत आणि उचलल्यावर तिचा भार स्टँडवर द्यावा. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधीही शिरू नये.

बॉल जॉइंट (आर्मला चाकाच्या बाजूशी जोडणारा गोळीचा सांधा) सोडवून आणि आर्मचे बोल्ट काढून आर्म हातात आला, की प्रथम जुन्या बुशच्या पोकळ्यांची दिशा आर्मवर खुणेने उमटवून घ्यावी. जुना बुश भोकातून काढणे हा या कामातला सर्वांत कष्टाचा भाग आहे. रबर जाळून काढण्याचा सोपा वाटणारा मार्ग टाळावा: धूर विषारी असतो, तापलेल्या आर्मची मजबुती कमी होऊ शकते आणि काही बुशमध्ये द्रव भरलेला असल्याने तो फुटू शकतो. माझे मत विचाराल तर आर्म घरी काढावा आणि बुश मात्र हायड्रॉलिक प्रेस असलेल्या दुकानात बदलून आणावा. व्हाइसमध्ये सॉकेट लावून हे जमते, पण बुश तिरका शिरला तर भोक खरवडले जाते आणि मग आर्मच बदलावा लागतो. नवा बुश दाबताना जोर बाहेरच्या नळीवरच द्यावा, रबरावर किंवा आतल्या नळीवर नव्हे, आणि वंगण लागलेच तर साबणाचे पाणी वापरावे.

काही जण रबराऐवजी पॉलियुरेथेनचे बुश घालण्याचा सल्ला देतात. ते तेलाला दाद देत नाहीत आणि वळणावर गाडी अधिक नेमकी वागते. पण त्यांतील बरेचसे पिळले न जाता सरकत फिरतात; म्हणून त्यांना खास ग्रीस लागते, ते वाळले की कुरकुर सुरू होते आणि रस्त्याचा प्रत्येक सांधा स्टिअरिंगपर्यंत पोहोचतो. रोज ऑफिसला जाणाऱ्या गाडीसाठी मूळ प्रकारचे रबरच बरे.

शेवटचा टप्पा सर्वांत सोपा दिसतो आणि नेमका तेथेच नवा बुश मारला जातो. गाडी स्टँडवर असते, चाक लोंबकळत असते आणि हाताशी पाना असतो, म्हणून बोल्ट तेथेच करकचून आवळला जातो. वरचा हिशेब आठवावा. त्या स्थितीत आतली नळी जखडली, तर तीच रबराची आरामाची स्थिती ठरते आणि गाडी जमिनीवर उतरताच रबर २० अंश पिळलेल्या अवस्थेत कायमचे अडकते. चाक वर उसळले की पीळ आणखी वाढतो आणि सतत ताणलेल्या रबरावर ओझोनला आयते काम मिळते. म्हणून सुरुवातीला बोल्ट आतली नळी फिरू शकेल इतपतच घट्ट करावेत. मग गाडी रॅम्पवर किंवा चाकांखाली रुंद, भक्कम फळ्या ठेवून तिच्या स्वतःच्या वजनावर उभी करावी, बंपर चार-दोनदा दाबून सस्पेन्शन बसू द्यावे आणि त्यानंतरच टॉर्क पान्याने (आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने) त्या मॉडेलच्या पुस्तिकेत दिलेल्या आकड्यापर्यंत बोल्ट आवळावेत. आतून नायलॉनची कडी असलेले नट जुने वापरू नयेत.

त्याच आठवड्यात व्हील अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवणे, करून घ्यावे. बुश सैल असताना कोणी अलाइनमेंट केले असेल, तर ते त्या सैल जागेला धरूनच केलेले असते. नव्या बुशमुळे आर्म मूळ जागी आला की चाकांचा कोन पुन्हा बदलतो आणि नवे टायरही आतून खाल्ले जाऊ लागतात.