त्रिनिदादला व्हिसा लागत नाही, पण पिवळी पुस्तिका लागते

भारतीय पासपोर्टवर त्रिनिदाद आणि टोबॅगोला फिरायला जायचं तर व्हिसा लागत नाही. पर्यटक म्हणून ९० दिवसांपर्यंत राहता येतं. फॉर्म नाही, फी नाही, दूतावासाच्या खेपा नाहीत. एवढं वाचून लोक तिकीट काढून मोकळे होतात आणि मग अडकतात. कारण या सहलीचे खरे कागद बेटावर कमी आणि वाटेवर जास्त तपासले जातात: निघताना चेक-इन काउंटरवर, मधे जिथे विमान बदलायचं तिथे, आणि परत आल्यावर पुन्हा आपल्याच विमानतळावर. या शेवटच्या ठिकाणाचा तर बहुतेकांना पत्ताच नसतो.

नोव्हेंबरमध्ये तिथे जावंसं वाटण्याचं कारण आपल्याला समजावून सांगायला नको. ३० मे १८४५ रोजी 'फतेल रझाक' जहाजातून गिरमिटिया मजुरांची पहिली तुकडी तिथे उतरली. त्यांच्या वंशजांची दिवाळी तिथे १९६६ पासून राष्ट्रीय सुट्टी आहे. चग्वानसजवळच्या फेलिसिटी गावात बांबू चिरून, वाकवून त्याच्या कमानी उभ्या करतात आणि त्यांवर मातीचे दिवे लावतात. मंडळी बहुतेक बिहार-उत्तर प्रदेशच्या मुळांची, त्यामुळे चकली-चिवडा मिळेलच असं नाही. पण सकाळी रस्त्यावर 'डबल्स' मिळतात: हळदीने पिवळ्या झालेल्या दोन मऊ, तळलेल्या छोट्या पोळ्यांमध्ये ('बारा') गरम छोले, वर आंब्याचं कुचेला (लोणचं), सगळं कागदात गुंडाळलेलं. उभ्याउभ्या खायचं.

पात्रता आणि तिथे उतरताना

व्हिसामाफी ही फक्त पर्यटन आणि छोट्या कामकाजाच्या भेटीसाठी. नोकरी, शिक्षण किंवा जास्त दिवसांचा मुक्काम असेल तर दिल्लीतल्या त्यांच्या उच्चायुक्तालयाकडे आधी अर्ज करावा लागतो. त्रिनिदादच्या पिआर्को विमानतळावर अधिकारी मुख्यतः चार गोष्टी बघतो: पासपोर्ट, परतीचं तिकीट, राहण्याचा पत्ता आणि खर्चाची सोय. पासपोर्टची मुदत परतीच्या तारखेपुढे सहा महिने असावी. त्याहून कमी उरली असेल तर आधी नूतनीकरण करून घ्या. ३६ पानांच्या पासपोर्टची साधी फी १,५०० रुपये, तत्काळ हवा असेल तर वर आणखी २,०००.

९० दिवस ही कमाल मर्यादा आहे. शिक्का किती दिवसांचा मारायचा हे अधिकारी ठरवतो, म्हणून तो तिथेच, काउंटरवरून हलायच्या आत वाचा. नातेवाइकांकडे उतरणार असाल तर त्यांचा पूर्ण पत्ता आणि फोन नंबर कागदावर लिहून न्या. 'चग्वानसला मावसभावाकडे' एवढ्यावर भागत नाही. टोबॅगोला जायला वेगळी परवानगी लागत नाही, तो देशांतर्गत प्रवास आहे. विमानाने जेमतेम अर्धा तास, फेरीने काही तास. ओळखपत्र म्हणून पासपोर्ट तेवढा जवळ हवा.

वाटेतले व्हिसे

मुंबईहून त्रिनिदादच्या राजधानीला, पोर्ट ऑफ स्पेनला, थेट विमान नाही. म्हणजे लंडन, अमेरिका, कॅनडा किंवा युरोपातून जावं लागतं, आणि खर्चाचा व वेळेचा मोठा भाग इथेच आहे.

अमेरिकेत 'नुसतं विमान बदलणं' असा प्रकार नाही. दोन तासांचा थांबा असला तरी इमिग्रेशनमधून बाहेर पडून पुन्हा आत यावं लागतं, त्यामुळे व्हिसा हवाच. सी-१ हा ट्रान्झिट व्हिसा आणि बी-१/बी-२ हा नेहमीचा पर्यटक व्हिसा, दोन्हींची मूळ अर्ज-फी सारखीच, १८५ डॉलर. तेवढेच पैसे भरायचे आणि तेवढाच मुलाखतीचा व्याप करायचा, तर बी-१/बी-२ चा अर्ज केलेला बरा, असं माझं मत. मुलाखतीच्या तारखेसाठी किती थांबावं लागेल ते मात्र आधी बघा. नोव्हेंबरला जायचं आणि ऑगस्टमध्ये तारीख शोधायला बसायचं, हे जमण्यासारखं नाही.

लंडनमार्गे जायचं तर भारतीयांना विमानतळाच्या आतल्या आत विमान बदलायलाही ट्रान्झिट व्हिसा लागतो. अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया अशा देशांचा चालू व्हिसा असेल तर काही अटींवर सूट आहे. त्या अटी स्वतः वाचा, एजंटच्या तोंडी आश्वासनावर जाऊ नका. एक गोम आणखी आहे. स्वस्त तिकिटात कधी उतरायचं हीथ्रोला आणि पुढचं विमान गॅटविकहून असतं. मग तुम्ही ब्रिटनमध्ये प्रवेश करता आणि आतल्या ट्रान्झिटचा व्हिसा चालत नाही. तिकिटावर विमानतळाचं नाव दोनदा वाचा.

कॅनडाच्या ट्रान्झिट व्हिसाला फी नाही, पण अर्ज करावाच लागतो आणि तिथला थांबा ४८ तासांच्या आत हवा. शेंगेन देशांत (एकाच सामायिक व्हिसावर चालणारे युरोपातले देश) विमानतळ-ट्रान्झिटचे नियम देशागणिक बदलतात. मात्र वाटेत दोन शेंगेन विमानतळ आले, तर मधला टप्पा त्यांच्या लेखी देशांतर्गत ठरतो आणि पूर्ण शेंगेन व्हिसा लागतो. म्हणून एकच थांबा, तोही एकाच तिकिटावर. दोन वेगळी तिकिटं घेतली की बॅग बाहेर येते आणि बॅगेमागे तुम्हालाही यावं लागतं.

अमेरिकेत राहणारे किंवा मुलांकडे गेलेले

आपल्याकडून तिकडे जाणारे बरेच जण प्रत्यक्षात न्यू जर्सी किंवा टेक्सासहून जातात: आई-बाबा सहा महिन्यांसाठी मुलीकडे गेलेले असतात, दिवाळीला सगळे मिळून बेटावर आठवडाभर. इथे बी-२ व्हिसा एकाहून अधिक प्रवेशांचा आणि चालू मुदतीचा हवा. आठवड्याने परत आल्यावर अमेरिकेतले सहा महिने नव्याने मोजले जातील, हे गृहीत धरू नका. ते अधिकाऱ्याच्या हातात असतं.

एच-१बी (नोकरीचा व्हिसा) वर असलेल्या आणि व्हिसाचा शिक्का संपलेल्या मंडळींनी विशेष सांभाळावं. मुदत संपलेल्या शिक्क्यावर परत येण्याची सवलत त्यांना फक्त कॅनडा आणि मेक्सिकोच्या ३० दिवसांपर्यंतच्या फेरीसाठी आहे. त्रिनिदादसाठी नाही. एफ-१ आणि जे-१ व्हिसावरच्या विद्यार्थ्यांना मात्र ती 'लगतच्या बेटांसाठी'ही मिळते, आणि कायद्यातल्या त्या यादीत त्रिनिदादचं नाव स्पष्ट लिहिलेलं आहे. आय-९४ (अमेरिकेतल्या प्रवेशाची आणि मुक्कामाची नोंद) चालू हवा, कॉलेजने दिलेल्या आय-२० वर (जे-१ असेल तर डीएस-२०१९ वर) प्रवास-सही हवी, आणि मधल्या काळात नव्या व्हिसासाठी अर्ज केलेला नसावा. एकाच घरात भाऊ एफ-१ वर आणि वहिनी एच-१बी वर असेल, तर एकाला जमतं आणि दुसरीला नाही.

पिवळी पुस्तिका

आता मुख्य मुद्दा. त्रिनिदाद बेट पीतज्वराच्या (यलो फीव्हर) जोखमीच्या यादीत आहे. टोबॅगो नाही. भारत पीतज्वराच्या यादीत नसल्यामुळे थेट आपल्याकडून गेलात तर त्रिनिदाद लसीचा दाखला, म्हणजेच पिवळी पुस्तिका, मागत नाही. मागतो तो भारत, परत येताना. आपल्याकडे पीतज्वर नाही, पण तो पसरवणारा एडिस डास घरोघरी आहे, त्यामुळे हा नियम कडक पाळला जातो. त्रिनिदाद सोडल्यापासून सहा दिवसांच्या आत वैध दाखल्याशिवाय भारतात उतरलात, तर उरलेले दिवस, जास्तीत जास्त सहा, विलगीकरणात काढावे लागतात. घरी नाही, सरकारी व्यवस्थेत. परतीच्या वाटेवर पनामात विमान बदलत असाल तर तोही देश यादीत आहे. विमानतळाबाहेर पाय न ठेवल्यास सूट मिळू शकते, पण तीही आरोग्य अधिकाऱ्याच्या संमतीने.

ही लस कोपऱ्यावरच्या दवाखान्यात मिळत नाही, आणि तिथे मिळाली तरी तो दाखला चालत नाही. केंद्र सरकारने मान्यता दिलेल्या केंद्रातच घ्यावी लागते. मुंबईत विमानतळ आणि बंदर आरोग्य संघटनेची केंद्रं आहेत, गोव्यात मुरगाव बंदराची. मान्यताप्राप्त केंद्रांची यादी आरोग्य मंत्रालयाच्या संकेतस्थळावर असते. वेळ आधी घ्यावी लागते, कारण कुपी एकदा फोडली की काही तासांत संपवावी लागते. म्हणून केंद्रं ठरावीक दिवशी माणसं जमवून लस देतात. जाताना मूळ पासपोर्ट न्या. दाखल्यावरचं नाव आणि पासपोर्ट क्रमांक तिथल्या तिथे ताडून बघा. लग्नानंतरचं नाव तिकिटावर एक आणि दाखल्यावर दुसरं, असला घोळ आपल्याकडे नेहमीचा.

दाखला लस घेतल्यापासून दहा दिवसांनी वैध होतो. पुढे मात्र आयुष्यभर चालतो. ११ जुलै २०१६ पासून दर दहा वर्षांनी पुन्हा टोचून घ्यायची गरज उरलेली नाही. आफ्रिकेत नोकरीला असताना काकांनी घेतलेली जुनी पुस्तिका कपाटात असेल तर तीही चालते.

लस जिवंत विषाणूची आहे. नऊ महिन्यांखालची बाळं, अंड्याची तीव्र ॲलर्जी असलेले आणि प्रतिकारशक्ती क्षीण असलेले यांना ती देत नाहीत. गरोदर बायकांनाही शक्यतो टाळतात. साठीच्या पुढे पहिल्यांदाच घ्यायची तर गंभीर दुष्परिणामांचा धोका वाढतो, म्हणून आधी आपल्या डॉक्टरांशी बोला. वैद्यकीय कारणाने सूट-पत्र मिळालं तरी परतल्यावर विलगीकरण टळेलच, असं धरून चालू नका. अशा ज्येष्ठांसाठी सरळ रस्ता सहा दिवसांच्या हिशोबातच आहे: त्रिनिदाद आधी उरकायचं, मग लंडनला किंवा न्यू जर्सीला मुलांकडे आठवडाभर राहायचं आणि तिथून घरी. ही पळवाट नाही, नियमच तसा आहे. त्रिनिदादहून निघाल्याची तारीख दाखवणारा शिक्का आणि बोर्डिंग पास तेवढा जपून ठेवायचा.

वादळ आणि विमा

अटलांटिकचा चक्रीवादळांचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर. २८ ऑक्टोबर २०२५ ला मेलिसा वादळ पाचव्या श्रेणीचं होऊन जमैकावर धडकलं, तेव्हा दिवाळी होऊन जेमतेम आठवडा झाला होता. त्रिनिदाद बरंच दक्षिणेला असल्याने सहसा वाचतं, टोबॅगोला मात्र १९६३ मध्ये फ्लोरा वादळाने उद्ध्वस्त केलं होतं. विमा तिकिटाबरोबरच घ्या. वादळाला नाव पडल्यावर घेतलेल्या विम्यात ते वादळ सहसा धरलं जात नाही. आणि वादळ नसलं तरी पाऊस असतोच, तिथला पावसाळा डिसेंबरपर्यंत चालतो.

गुन्हेगारीमुळे तिथे डिसेंबर २०२४ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२५ मध्ये आणीबाणी जाहीर झाली होती. निघण्याआधी पोर्ट ऑफ स्पेनमधल्या भारतीय उच्चायुक्तालयाच्या सूचना बघा. रात्री एकट्याने भटकू नका.

पिशवीत काय

पासपोर्ट आणि त्याच्या दोन झेरॉक्स, परतीचं तिकीट, राहण्याच्या पत्त्याचा कागद, विम्याची पॉलिसी, बँकेचं स्टेटमेंट, औषधांची इंग्रजीतली चिठ्ठी. लहान मूल आई किंवा बाबा एकाबरोबरच जात असेल तर दुसऱ्याचं नोटरी केलेलं संमतीपत्र. परकीय चलन रोख ३,००० डॉलरपर्यंत नेता येतं, बाकीचं कार्डावर. रोपं, बिया, ताजी फळं परवान्याशिवाय नेऊ नका, तुळशीचं रोपसुद्धा. आणि मुलाची लष्करी ठिपक्यांची पँट घरीच ठेवा. सामान्य माणसाने तसले कपडे घालणं तिथे बेकायदा आहे, विमानतळावरच काढून घेतात.

क्रिकेटवेड्यांसाठी: क्वीन्स पार्क ओव्हल मैदान पोर्ट ऑफ स्पेन शहरातच आहे. मार्च १९७१ मध्ये वाडेकरांच्या संघाने वेस्ट इंडिजला कसोटीत पहिल्यांदा हरवलं ते इथेच, आणि गावसकरांचं पदार्पणही त्याच सामन्यात. पुढच्याच महिन्यात दुखऱ्या दाढेनिशी त्यांनी २२० काढले, तेही याच मैदानावर.

पिवळी पुस्तिका पासपोर्टच्या कव्हरमध्येच ठेवा. ओळखीतल्या एका जोडप्याने दोघांच्या लसी वेळेत घेतल्या, पुस्तिका जपून ठेवल्या, आणि परतताना त्या मोठ्या बॅगेत टाकल्या. आरोग्य काउंटर इमिग्रेशनच्या अलीकडे असतो, सामानाचा पट्टा पलीकडे. पहाटे चार वाजता बॅगेचा टॅग दाखवून, बॅग शोधून कुणीतरी आत आणून देईपर्यंत दोघं तिथल्या बाकावर बसून होते.